रोनतची नीळ आणि कॉर्मकचा न्याय

रोनत आमच्या गावची रंगारीण. तिचे हात कोपरापर्यंत निळे असायचे, आणि राख लावा, वाळू लावा, ते निळेपण जायचं नाही. चर्चमध्ये प्रसादाला तिनं हात पुढे केले की नवा आलेला पाद्री हमखास दचकायचा. आयर्लंडचे राजे पूर्वी जिथं राहायचे त्या टाराच्या टेकडीवरून खाली बघितलं तर ओढ्याकाठी मातीच्या गोल बांधांची आवारं दिसतात, त्यातलं ओढ्याला चिकटून असलेलं तिचं. त्याला लागून देर्वलचं, आणि देर्वलच्या पलीकडे आमचं. मी लासर. रोनतच्या रंगाच्या पिंपात काठी फिरवायला जाणाऱ्या बायकांपैकी एक.

रोनतचं निळीचं रान घरामागं होतं. पानं तोडायची, कुटायची, गोळे करून वाळवायचे, मग ते शिळ्या मुतात कुजवायचे. वास असा सुटायचा की कुत्रीसुद्धा लांबून जायची. पण त्याच पिंपातून लोकर बाहेर काढली की आधी पिवळट, मग हिरवट आणि बघता बघता निळी व्हायची. ते बघायला मला आजही आवडेल. रंगाच्या दिवशी घरात पुरुष नको, ही आमच्याकडची जुनी रीत. पुरुष आत आला तर रंग राखाडी पडतो म्हणतात. त्यामुळे रंगाच्या दिवशी सकाळीच रोनत तिच्या नवऱ्याला, उल्तानला, भाकरी आणि लोण्याचा गोळा बांधून द्यायची आणि म्हणायची, "जा बाबा, गुरांकडे जा. हाक मारेपर्यंत येऊ नकोस." तो जायचा. काही न बोलता जायचा. निदान आम्हाला तसं वाटायचं.

त्या वर्षी लोकर कातरायच्या तोंडावर एका रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये मिस्सेला गेलो होतो. परत आलो तर रोनतच्या रानात देर्वलच्या मेंढ्या. वरची कोवळी पानं साफ, खालची तुडवलेली. एक म्हातारी मेंढी तर मधोमध बसून रवंथ करत होती, जसं काही तिला जेवायलाच बोलावलं होतं.

रोनत ओरडली नाही. ती आधी फाटकाकडे गेली. फाटकाचा आडणा, तो आडवा दांडा, मोडला नव्हता, घसरूनही पडला नव्हता. कुणीतरी तो उचलून कुंपणाला नीट टेकवून ठेवला होता.

तोवर देर्वल धापा टाकत आली. अंगानं भरलेली, तोंडाची तिखट, पण मनानं वाईट नव्हती. ती आणि रोनत एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. एकीच्या घरी पाहुणे आले तर ताक दुसरीच्या घरून जायचं, इतकं दोघींचं चालायचं.

"अगं बाई, हे काय झालं!" देर्वल म्हणाली.

"तूच सांग काय झालं," रोनत म्हणाली. "मेंढ्या तुझ्या आहेत."

"मेंढ्या माझ्या आहेत, पण त्यांना हात कुठे आहेत? आडणा काय त्यांनी उचलला?"

"तेच तर म्हणते मी. ज्याला हात आहेत त्यानं उचलला."

देर्वलचा चेहरा बदलला. "रोनत, तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण."

"मी काही म्हणत नाही. कातरणी तोंडावर आलीय. निळीच्या बदल्यात काय मिळतं ते या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि ते तू देणार, मी घेणार. तर आडणा कुणी उचलला, हे तूही मला विचारू शकतेस. विचार."

"विचारतेच मग," देर्वल म्हणाली. "तू उचललास का?"

इथं कॉर्मकची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आमच्याकडे ती जन्मल्यापासून कानावर पडते. टारावर पूर्वी एक राजा होता, आणि राणीच्या निळीच्या रानात कुणा बाईच्या मेंढ्या शिरल्या. राजा म्हणाला, मेंढ्या जप्त. तेवढ्यात कोपऱ्यातला एक अनोळखी पोरगा उठला आणि म्हणाला, "नाही. पानं पुन्हा फुटतात, लोकरही पुन्हा येते. एका कातरणीला दुसरी कातरणी. मेंढ्यांची लोकर द्या, मेंढ्या राहू द्या." तो न्याय खरा होता, राजाचा खोटा होता, आणि खोट्या न्यायापायी निवाडा चालला होता ते घर अर्धं उतारावरून खाली घसरलं. मग कळलं की पोरगा आधीच्या राजाचा मुलगा, कॉर्मक. पुढं तोच राजा झाला. त्याच्या काळात नद्या माशांनी भरलेल्या असायच्या, गाई दिवसातून कितीही वेळा दूध द्यायच्या, असं सगळे सांगतात. घर घसरलं ती कललेली टेकाडं अजून टारावर आहेत. त्यांच्यावर उभं राहून कुणी खोटं बोललं तर पायाखालची जमीन सरकते, असं आम्ही मानतो. मी तर त्या वाटेनं जाताना गप्पच राहते.

तेव्हा रोनतला काय मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. देर्वलच्या कळपाची त्या मोसमाची लोकर. म्हणूनच तर संशयाला दोन्हीकडे पाय फुटले. निम्मं गाव म्हणायला लागलं, रोनतनंच आडणा काढला, पानं तर पुन्हा फुटतील आणि वर लोकर फुकट. उरलेलं निम्मं म्हणायला लागलं, देर्वलला रोनतचं बरं चाललेलं बघवत नव्हतं. मिस्सेला कोण होतं आणि कोण नव्हतं यावर ओढ्यावर, घिसाड्याच्या भट्टीवर, चक्कीवर दुसरं बोलणंच नव्हतं. मी स्वतः मिस्सेमधून पोटात कळ आली म्हणून उठून गेले होते. झालं. ज्या बायका माझ्याशेजारी कपडे धुवायच्या त्या दोन दगड पलीकडे सरकल्या.

"लासर, पोट आता बरं आहे ना?" त्यातली एक म्हणाली, आणि बाकीच्या खाली मान घालून हसल्या.

निवाडा करायला फाख्तना आले. म्हातारे, बारीक आवाजाचे, कायद्याचे जुने श्लोक तोंडपाठ असलेले. त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "दोघी टारावर या. कललेल्या टेकाडांवर उभं राहून शपथ घ्यायची, की आडणा मी काढला नाही, काढवलाही नाही. प्रत्येकीनं आपल्या बाजूनं शपथ घेणारं घरचं माणूस आणायचं. बाईच्या बाजूनं नवरा येईल."

देर्वलचा नवरा आला. उल्तान आला नाही.

त्या सकाळी तो म्हणे खाटेवरून उठलाच नाही. गुडघा धरून बसला. "चढ चढवत नाही," म्हणाला. "तुझ्या भावाला घेऊन जा." रोनतचा भाऊ जवळच राहायचा, तो आला आणि त्यानं शपथ घेतली. देर्वलनं घेतली, तिच्या नवऱ्यानं घेतली. रोनतनं आपले निळे हात समोर धरून घेतली. आम्ही सगळे श्वास रोखून जमिनीकडे बघत होतो. जमीन हलली नाही. एक चिरक्या आवाजाची चिमणी तेवढी ओरडत होती.

"मग आता?" देर्वल म्हणाली. "दोघी खऱ्या? मग माझ्या मेंढ्या आत गेल्या कशा?"

"ते आज कळलेलं नाही," फाख्तना म्हणाले. "मेंढ्या तुझ्या होत्या, नुकसान त्यांनी केलं. कॉर्मकनं सांगितलं तेच मी सांगतो. या कातरणीची लोकर रोनतला. ज्यानं आडणा काढला तो सापडला, तर तुझी भरपाई तो करील."

"कॉर्मकच्या वेळी राणीची नीळ गेली होती," रोनत मध्येच म्हणाली. "राणी काही त्यापायी उपाशी राहिली नाही. मला पानं हवी होती, लोकर नको होती. पण तुम्ही म्हणता तर घेते."

लोकांना वाटलं, बघा, लोकर मिळतेय तरी नखरे. मला वाटलं की ती बोलतेय फाख्तनांशी, पण लक्ष तिचं तिथं नाही. उतरताना ती माझ्याबरोबर होती. अर्ध्या वाटेवर थांबली आणि म्हणाली, "लासर, काल छपराला गवत कुणी घातलं, माहितेय? शिडीवरून किती वेळा वर-खाली केलं त्यानं. तेव्हा गुडघा कुठे होता?"

मी पुढं चालू लागले. काय बोलणार? नवरा-बायकोच्या मध्ये पडायचं आणि पुन्हा दोन दगड पलीकडे ढकललं जायचं.

पुढचं तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, गोळे वळताना, माझ्याकडे न बघता.

घरी गेल्यावर तिनं उल्तानला जेवायला वाढलं. ओटची पेज, दही, कांद्याची पात. तो जेवत असताना समोर बसली आणि म्हणाली, "उद्या आपण दोघं टारावर जाऊ. गुडघा दुखत असेल तर गाढवावर बस."

"कशाला? निवाडा झाला ना?"

"झाला. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, त्या टेकाडांवर. एवढंच म्हण, की मला माहीत नाही. लगेच परत येऊ."

त्यानं चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "मी तिथं जाणार नाही."

"म्हणजे तू काढलास."

"मी काढला."

रोनतला वाटलं होतं राग येईल. पण आधी तिला नुसतं आश्चर्य वाटलं. "का रे?" तिनं विचारलं. "लोकरीसाठी?"

"लोकर कसली! मला लोकर नको." आणि मग इतक्या वर्षांचं गप्प बसणं एकदम फुटलं. "रंगाचा दिवस आला की मला कुत्र्यासारखं बाहेर काढतेस. मी वर गुरांपाशी बसतो, आणि खालून तुमच्या हसण्याचा आवाज येतो. एकदा माझं नाव ऐकलं मी. माझं नाव घेतलं आणि सगळ्या हसलात. भट्टीवर घिसाडी रोज विचारतो, काय उल्तान, आज घरात निळं कोण होतंय? दाराला आतून कडी आहे ना? सगळे हसतात. मीही हसतो. हसून किती हसू? यंदा पानंच नसली तर दिवस येणार नाही, एवढंच मनात आलं. मिस्सेला उशिरा पोचलो ते कुणी बघितलं नाही."

"आत कोण असतं असं वाटलं तुला?"

"मला काय माहीत! म्हणूनच तर."

रोनत उठली. ताट उचललं, पेज डुकरांना घातली.

दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं? देर्वलची लोकर अजून कातरून तिच्या घरी यायची होती. ती फाख्तनांकडे गेली आणि म्हणाली, मला लोकर नको, माझी पानं फुटतायत, मी दावा सोडला. फाख्तनांनी भुवया वर केल्या. "कोण सापडलं का?" त्यांनी विचारलं. "नाही," ती म्हणाली. "मग का सोडतेस?" "मला नको म्हणून." कायद्यात दावा सोडायला बंदी नव्हती. त्यांनी मान हलवली, पण ती मान साफ मनानं हलली नव्हती.

आणि गावात तर आग लागली. मिळालेली लोकर कोण सोडतं? ज्याच्या पोटात काळं असतं तो. "बघा, टेकाडं काही त्याच वेळी हलत नाहीत," भट्टीवर घिसाडी म्हणाला. "माणसाला आतून हलवतात. घाबरली, म्हणून सोडली." उल्तान तिथंच बसला होता. देर्वलनं मेंढ्या कातरल्या, लोकर आपल्या घरी नेली आणि कुंपणाच्या पलीकडून ओरडून म्हणाली, "रोनत, मला तुझी दया नको होती, खरं हवं होतं! माझ्यावर आळ घेतलास आणि आता गपगुमान मागं सरलीस?"

"पानं फुटली गं," रोनत म्हणाली.

"पानं नाही फुटली, तुझं भांडं फुटलं!"

त्या दिवसापासून ताक कुंपणापलीकडे जाणं बंद झालं.

मग रंगाचा दिवस आला. गेल्या वर्षीचे वाळवलेले गोळे थोडे शिल्लक होते. आम्ही तिघी-चौघी गेलो तर घरात उल्तान. पिंपाशेजारी तिपाईवर, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखा बसलेला. आम्ही दारातच थांबलो.

"या ना आत," रोनत म्हणाली. "आज हा बसणार आहे."

"अगं पण रंग..." मी म्हणाले.

"रंगाचं मी बघते."

माझ्याबरोबरच्या एकीनं छातीवर क्रूस काढला. तरी आम्ही आत गेलो, कारण परत जाऊन काय झालं ते न कळणं आम्हाला जमलं नसतं. पिंपावरचं झाकण काढलं. वासानं उल्तानचे डोळे पाण्यानं भरले. आम्ही काठी फिरवली, लोकर बुडवली, उचलली, पुन्हा बुडवली. मग हळूहळू नेहमीचं सुरू झालं. हिचे गुडघे, तिच्या सासूचं बद्धकोष्ठ, कुणाचं डुक्कर पुन्हा कुणाच्या वाटाण्यात. मी विसरले आणि सवयीनं म्हणाले, "आणि आमचा घोरतो तो! भिंतीतला उंदीर बाहेर जाऊन झोपतो." सगळ्या हसल्या. मग रोनत म्हणाली, "उल्तान झोपेत गाईंना नावानं हाका मारतो. दर वेळी सांगते मी यांना." आम्ही पुन्हा हसलो, मग त्याच्याकडे बघून गप्प झालो.

त्याचे कान लाल झाले होते. "एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच," रोनत म्हणाली.

दुपारपर्यंत तो पार कंटाळला. वासानं डोकं उठलं असावं. "जाऊ का आता?" म्हणाला. "बस," ती म्हणाली. तो बसला. शेवटी तिनं लोकरीचा पेळू काठीवर उचलून हवेत धरला. पिवळा, मग हिरवा. आम्ही कुणीच हललो नाही. निळा झाला. चांगला, गडद निळा, तिच्या हातून दर वेळी यायचा तसाच.

मला खरं तर तो राखाडी पडला असता तर बरं वाटलं असतं. राखाडी पडला असता तर निदान त्या रीतीपुरतं तरी आपल्याला काही ठाऊक होतं असं झालं असतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि जे मनात आलं ते कुणी बोललं नाही. बाहेर पडताना रोनत हलकेच म्हणाली, "हे बाहेर जायला नको." आणि ते गेलं नाही. नाहीतर पुढच्या वेळी गावातल्या प्रत्येक नवऱ्यानं तिपाई मागितली असती.

पुढच्या वेळेपासून उल्तान पुन्हा गुरांकडे जाऊ लागला. भाकरी स्वतःच बांधून घ्यायचा.

ती मला हे सगळं सांगत होती तेव्हा मी तिला विचारलं होतं, "लोकांना खरं का सांगून टाकलं नाहीस? चोर ठरलीस तू. मठातले साधूही तुझं निळं कापड घेताना आता दोनदा तपासतात. देर्वल तोंड बघत नाही. त्यानं केलेलं तू का वाहतेस?"

तिनं गोळा वळून फळीवर ठेवला. "त्यानं काय केलं हे सांगितलं असतं तर का केलं हेही सांगावं लागलं असतं," ती म्हणाली. "मग मेंढ्या कुणाला आठवल्या असत्या? सगळे म्हणाले असते, नवरा उगाच संशय घेईल का, काहीतरी असेलच. तू सुद्धा म्हणाली असतीस."

"मी नसते म्हणाले."

"लासर," ती म्हणाली, "उल्तान आत बसला त्या दिवशी तू पाय टाकल्याबरोबर माझ्या माळ्याकडे बघितलंस. वर कुणी लपलंय का ते. मी बघितलं ना तुला बघताना."

मी बघितलं होतं का? मला आठवत नाही. बघितलं असेन.

तर रोनत तशीच राहिली. लोभी, आतल्या गाठीची, सांभाळून राहावं अशी बाई, असं तिच्याबद्दल गाव म्हणायचं. वर्षं गेली. मग गुरांचा रोग आला. गाई उभ्या उभ्या पडायच्या, तोंडातून फेस. देर्वलच्या सगळ्या गेल्या. आमच्या गेल्या. रोनतची एक काळी गाय तेवढी राहिली, का राहिली कुणास ठाऊक, आणि त्यावरूनही गावात कुजबुज झालीच. चेटूक म्हणाले, निळीचं पाणी पाजलं म्हणाले, रोगच तिनं आणला असंही एकजण म्हणाला.

देर्वलचा नातू तेव्हा तान्हा होता. आईला दूध नव्हतं. एक दिवस सकाळी मी रोनतच्या अंगणात असताना देर्वल कुंपणाशी आली, हातात रिकामं मडकं. इतक्या वर्षांत ती तिथं उभी राहिली नव्हती. रोनत गायीपाशी होती.

"बाळासाठी," देर्वल म्हणाली.

रोनतनं मडकं घेतलं, खाली बसली, दूध काढलं, फेस येईपर्यंत. उठून कुंपणावरून पुढं केलं. देर्वलनं हात लांब केला नाही.

"आधी तू पी," ती म्हणाली.

उल्तान गोठ्याच्या दारात उभा होता. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. रोनतनं त्याच्याकडे वळून न बघताच हातानं त्याला थांबवलं. मग मडकं ओठाला लावलं, मोठा घोट घेतला, देर्वलला गिळलेलं दिसेल असा, आणि ते पुन्हा पुढं केलं.